डबी बसली पायजे

दुकानात गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, "मैडम, हो जाएगा क्या?" आणि मी तोंड उघडायच्या आत मागच्या खुर्चीतून उत्तर जायचं, "अभी नहीं होगा. मशीन जाँच में है." गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, मी गिऱ्हाइकाकडे बघायची, आणि मग ते समोरच्या दुकानात जायचं, जिथे मशीन कधीच जाँच में नसायची. खुर्चीतला माणूस दुकानाचा मालक नव्हता हो. दुकान माझं होतं. तो घरमालक होता, आणि ज्या खुर्चीत बसून तो माझी गिऱ्हाइकं पळवायचा ती खुर्चीसुद्धा माझीच होती.

आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. आधीच सांगते, हे लिहिताना माझं डोकं तापणार आहे. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. काकाजींशी भांडायला जावं तर ते खिशातून पेन्सिल काढून म्हणायचे, "थांब, आदी तुही तक्रार लिहून घेतो." घेतली लिहून की संपलं. तुमचा राग त्या वहीत जाऊन बसायचा आणि तुम्ही रिकाम्या हाताने उभ्या.

उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत त्यांनी सारी नोकरी नक्शे काढण्यात घालवली. जमिनीखाली कुठे काय खणलंय ते वर टेबलावर बसून कागदावर उतरवायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर बालाघाटला घर बांधलं, तेही स्वतः नक्शा काढून. घराचे सगळे कोपरे काटकोनात आहेत, आणि घराचं तोंड बरोबर उत्तरेला आहे. फक्त आमची गल्ली उत्तरेला नाही, ती जरा तिरपी जाते. त्यामुळे घर आणि गल्ली यांच्यामध्ये एक तिकोनी जागा उरली आहे, आणि तिथे बाराही महिने पाणी साचतं. गिऱ्हाइकाने ते डबकं ओलांडून माझ्याकडे यायचं. मी एकदा म्हटलं, "काकाजी, घर थोडं फिरवून बांधलं असतं तं?" तर म्हणाले, गल्ली चुकली आहे, घर नाही.

दुकान देताना त्यांनी एकच अट घातली होती. "माह्या छताखाली चोरीचा माल चालनार नाही." मी घाबरलेच. म्हटलं, लग्नपत्रिका, बॅनर आणि पोरापोरींचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचं माझं दुकान, यात मी काय चोरणार? मग कळलं, ते कॉम्प्युटरच्या आतल्या सिस्टिमबद्दल बोलत होते. त्या वेळी आमच्या बाजारातली निम्मी मशीनं एकाच पेनड्राइव्हवरून भरलेली होती आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. काकाजींना वाटायचं. नोकरीत ऑफिसची पेन्सिल घरी आणली नाही, असा माणूस. त्यांनी स्वतः दोन दिवस खपून माझ्या मशीनवर लिनक्स टाकलं. फुकट, आणि कुणाचं चोरलेलं नाही. खरं सांगायचं तर सिस्टिमशी माझं काही वाकडं नव्हतं. ती बिचारी चांगली चालत होती. भांडण सुरू झालं ते ग्राफिक्स कार्डावरून.

बॅनरच्या मोठ्या फाइली उघडताना मशीन दम टाकायची, म्हणून मामेभावाने नागपूरहून एक सेकंडहँड कार्ड आणून दिलं. सोबत एक लांबरुंद स्क्रीन. दोन्ही लावलं, मशीन सुरू केली, आणि स्क्रीन काळी. मग काकाजींनी कुठून तरी वाचून शोधून काढलं की मशीन सुरू होताना एक शब्द टाकायचा, म्हणजे ती कार्डाच्या वाटेला जात नाही आणि सावधपणे चालते. शब्द टाकला, स्क्रीन उजळली. पण उजळली ती जुन्या चौकोनी स्क्रीनच्या मापाने. मशीनला वाटत होतं समोर जुना चौकोनी डबा आहे, आणि ते चौकोनी चित्र या लांब स्क्रीनवर ताणून बसवलं जायचं. सगळं आडवं पसरलेलं. नवरी जाडी, नवरदेव बुटका, गणपती जरा जास्तच गणपती. माप बदलायला सेटिंगमध्ये जावं तर यादीत एकच ओळ, निवडायला दुसरं काही नाहीच.

आता हे बघा, मला याचा काही त्रास नव्हता. मी दोन दिवसांत सरावले. स्क्रीनवर काही का दिसेना, फाइलमध्ये रुंदी-उंचीचे आकडे बरोबर असले की छापून बरोबर येतं. मी आकड्यांवर काम करायची आणि पत्रिका झकास निघायच्या. पण काकाजींना ती ताणलेली स्क्रीन सहन होईना. चौथीच्या पोराने मुद्दाम फळ्यावर चुकीचं लिहावं आणि मास्तरांनी बघत बसावं, तसे ते माझ्या स्क्रीनकडे बघायचे. मग एक दिवस खुर्ची घेऊन आत आले, आणि जवळजवळ आठ महिने उठलेच नाहीत.

त्यांची पद्धत सांगते. "एका वक्ती एकच गोष्ट बदलवाची." हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एक सेटिंग बदलायची, मशीन बंद करायची, सुरू करायची, बघायचं, वहीत लिहायचं. वही कसली, खाणीत मोजणीला नेतात तसली लांबट, जाड पुठ्ठ्याची. त्यात तारीख, काय बदललं, काय झालं, आणि खाली सही. त्यांची, आणि माझीही. मी पत्रिकेच्या घाईत असले तरी. "सही कर." "काकाजी, काहीच तं झालं नाही, कायची सही?" "काही झालं नाही, याची." मग ते बदललेलं परत जसं होतं तसं करायचं, पुन्हा बंद, पुन्हा सुरू, पुन्हा सही. दिवसाला तीन गोष्टी तपासून व्हायच्या. मी हात जोडून म्हणायची, नेटवर लोकांनी सांगितलंय, हे हे पाच बदल एकदम करा, होऊन जाईल. त्यावर ते असं बघायचे जसं काही मी भर बाजारात त्यांची टोपी उडवली. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि दुरुस्त झालं, तर कशाने झालं ते कळणार कसं? मला कळायचंच नव्हतं! मला फक्त व्हायला पाहिजे होतं.

आणि ती डबी. तंबाखू त्यांनी कधीच सोडली होती, पण चुन्याची गोल पितळी डबी खिशात राहिली होती. प्रत्येक तपासणीनंतर मी स्क्रीनवर एक गोल काढायचा आणि त्यांनी डबी त्याच्यावर टेकवून बघायची. चारही बाजूंनी कड जुळली तर गोल पास. ती कधीच जुळायची नाही. गोल दोन्हीकडून डबीच्या बाहेर यायचा. ते डबी काढायचे, धोतराला पुसायचे आणि म्हणायचे, "डबी बसली पायजे." माझ्या नव्या स्क्रीनवर डबीचे एवढे ओरखडे आहेत की अजून मोजता येतील.

हा रोग फक्त माझ्या दुकानापुरता नव्हता. बसस्टँडजवळच्या हॉटेलात ते टीव्हीकडे पाठ करून चहा प्यायचे, कारण तिथल्या टीव्हीवर सगळे हिरो बुटके. कुणाकडे बसायला गेले की यजमानीण पाणी आणायला आत वळते न वळते तोच हे रिमोट घेऊन टीव्हीच्या सेटिंगमध्ये. माझ्या मामेबहिणीचं लग्न बिरशाला होतं. काकाजींना बोलावणं केलं, आमच्याच जीपमध्ये घेऊन गेलो, ही माझी चूक. मांडवात मोठी स्क्रीन लावली होती, मागे बसलेल्यांना दिसावं म्हणून. त्याच्यावर नवरा-नवरी आडवे पसरलेले. मी काकाजींच्या शेजारीच बसले होते, धरून ठेवल्यासारखी. पाच मिनिटं आईशी बोलायला उठले, आणि तेवढ्यात हे थेट व्हिडिओवाल्याच्या टेबलाशी. "भैया, लड़का इतना मोटा है क्या? सामने देखो, बैठा है." व्हिडिओवाला म्हणाला, बाबूजी, सगळीकडे असंच दिसतं. काकाजींनी स्वतःच बटण दाबलं. बरोबर माळा घालायच्या वेळेला स्क्रीन बंद पडली, आणि चालू झाली तेव्हा लोक पंगतीला बसले होते. मामाने वर्षभर माझ्याशी नीट बोलणं ठेवलं नाही. परत येताना जीपमध्ये काकाजी काय म्हणाले असतील? "दोन बटनं एकदम दबली. माही चूक झाली." बटणं दोन दबली, याचं त्यांना वाईट वाटत होतं. लग्नाचं नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या वार्डातल्या विहाराला गेट करायचं होतं. महिला मंडळाने त्यासाठी चार वर्षं दर पौर्णिमेला घरोघरून मूठभर तांदूळ गोळा केला. ज्या घरात माणसं जास्त त्या घराची मूठ मोठी, एवढाच हिशेब. गोणी घेऊन फिरायचं काम सुरुवातीपासून दोघींकडे होतं, एक माझी आई आणि दुसरी काकू, म्हणजे काकाजींची बायको. काकू फार कमी बोलायची. दारात उभी राहून गोणीचं तोंड उघडून धरायची, बस. तिसऱ्या वर्षी ती गेली. मग आईने एकटीने गोणी ओढली. गेट उभं झालं तेव्हा ठरलं की त्याच्या मधोमध लोखंडी पत्र्यातून कापलेलं धम्मचक्र बसवायचं, चोवीस आऱ्यांचं, आणि बुद्धपौर्णिमेला ते खुलं करायचं. चक्राची फाइल मी बनवायची, गोंदियाला मशीनवर कापणारा एक जण होता त्याला पाठवायची. वार्डाने मला दिलेलं हे पहिलं मोठं काम. आईने मंडळात छातीठोकपणे सांगितलं होतं, माही पोरगी करते. ते बिघडलं तर आईला त्या बायकांमध्ये मान वर करून बसता आलं नसतं, आणि काकूने दारोदार गोणी धरली होती ती कशासाठी, हे काकाजींना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.

चक्र मी एका सकाळी काढून टाकलं. रुंदी तीन फूट, उंची तीन फूट, चोवीस आरे बरोबर अंतरावर. स्क्रीनवर अर्थातच आडवं पसरलेलं दिसत होतं, पण आकडे चोख. फाइल पाठवायला बसले, तर मागून काकाजी.

"हे गोल नाही."

मी समजावलं. देवाशप्पथ, तासभर समजावलं. म्हटलं, काकाजी, स्क्रीन ताणलेली आहे हे तुम्हीच आठ महिने लिहून ठेवताय ना? मग तिच्यावर दिसेल ते ताणलेलंच दिसणार. आकडे बघा, दोन्ही सारखे. ते म्हणाले, आकडा कोणीही लिहितो, मी आयुष्यभर रेघा ओढल्या आहेत, जे डोळ्याला गोल नाही ते गोल नाही. विहाराचं चक्र आहे, पत्रिका नाही. मी म्हटलं, मग एक छापून बघू. तर प्रिंटरवर त्यांचा विश्वास नाही, तो कागद ओढताना ताणतो. डबी काढली, स्क्रीनवर टेकवली. "आवळ," म्हणाले, "दोन्हीकडून आवळ, डबी बसेपर्यंत."

बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी. आईचे तीन फोन येऊन गेलेले. माझ्या डोक्यात असा काही जाळ उठला होता की काय सांगू. आठ महिने! मी माउस धरला आणि चक्र आवळलं. रुंदी कमी होत गेली आणि मी वर कोपऱ्यात आकडे बघत होते. रुंदी सव्वादोन फूट, उंची तीन फूट. मला दिसत होतं. मला पक्कं ठाऊक होतं की हे अंडं होतंय. डबी अगदी चारही कडांनी बसली, आणि काकाजींचा चेहरा असा उजळला, आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी म्हटलं, बसते नं डबी, झालं मंग, सुटलो एकदाचे. एक शब्द बोलले नाही. छापून बघता आलं असतं, ते गेल्यावर आकडा परत बदलता आला असता. नाही बदलला. रागाने नाही बदलला. म्हटलं, यांचं यांनाच कळू दे. त्यांनी वहीत लिहिलं, गोल पास, सही केली, मीही केली, आणि फाइल गोंदियाला गेली.

राग किती मूर्ख असतो बघा. त्यांना धडा शिकवायला निघाले आणि चक्र कुणाचं, हे विसरूनच गेले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी पिकअप आली. चक्र बारदानात गुंडाळलेलं. मंडळाच्या सगळ्या बायका विहारात झाडलोट करत होत्या, आई पुढे होती. दोघा जणांनी ते भिंतीला टेकवलं, सुतळी कापली, बारदान खाली पडलं. मग एक म्हातारी म्हणाली, हे असं उभं काहून दिसून राह्यलं व? कापलेलं सुंदर होतं, कडा अशा साफ. फक्त ते चक्र नव्हतं, उभं अंडं होतं. आईने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

मग बायकांनीच माझी सुटका केली. एक म्हणाली, गोंदियावाल्याने गडबड केली. दुसरी म्हणाली, पाहिलंच नसेल मेल्याने नीट. लगेच सगळ्यांचं ठरलंही, त्याला फोन करायचा, चार शब्द सुनवायचे आणि दुसरं फुकट कापून घ्यायचं. आई मोकळा श्वास घेऊन म्हणाली, माह्या पोरीनं तं बरोबरच देल्लं होतं. आणि मी, हे लिहितानाही लाज वाटते, मी मान हलवली. हौ म्हणून. ज्या माणसाला मी कधी पाहिलंही नाही, त्याच्या माथ्यावर ढकलून मोकळी झाले.

काकाजी दारात उभे होते. मी त्यांच्याकडे असं बघितलं की, बाप्पा, आज एक दिवस तरी गप्प राहा. ते कुठचे राहायला. आत आले, चक्रापुढे उभे राहिले, दोन्ही हातांनी वीत लावून रुंदी मोजली, मग उंची. मग वळले.

"गोंदियावाल्याची चूक नाही," ते म्हणाले. "त्यानं जसं देल्लं तसं कापलं. पोरीनं आदी बरोबर काढलं होतं. म्या आवळाले लावलं. पास म्या केलं."

खिशातून वही काढून त्यांनी ते पान उघडून आईपुढे धरलं. आईला ते वाचायचं नव्हतं, तिने नुसतं पानाकडे बघितलं. एक बाई हळूच म्हणाली, काकू असती तर काय म्हणाली असती. काकाजींनी ते ऐकलं. वही मिटून खिशात ठेवली. शेवटी आईनेच ठरवलं, उद्या गेट खुलं करू, चक्राच्या जागी फुलांची माळ लावू, चक्र पुढच्या पौर्णिमेला. बायका परत झाडायला लागल्या. पण आधीसारखं बोलणं नव्हतं.

मी दुकानात येऊन बसले. रडायला येत होतं आणि त्यापेक्षा जास्त संताप येत होता. आता साऱ्या वार्डाला कळलं होतं की माझी स्क्रीन खोटं दाखवते. कशाला बोलावं माणसाने? सुटलो होतो ना सगळे!

थोड्या वेळाने काकाजी आले. खुर्चीत बसले नाहीत. सरळ मशीनच्या मागे वाकले. म्हणाले, वहीत पाचशेच्या वर गोष्टी तपासल्या आहेत, पण दोन कधीच नाही तपासल्या, कारण त्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. एक डबी. दुसरा हा जोड. कार्डाचं टोक नव्या तऱ्हेचं, आणि स्क्रीनला लावलेली काकाजींची निळी वायर जुन्या तऱ्हेची, त्यांच्या पहिल्या मशीनची. दोन्हीच्या मध्ये त्यांनी स्वतः आणलेला एक छोटा जोड होता. नवी वायर मामेभावाने स्क्रीनसोबतच दिली होती, ती आठ महिने माझ्या खणात पडून होती. मी दोनदा म्हटलं होतं, ही लावून पाहू का. माझी वायर चांगली आहे, म्हणून त्यांनी खण बंद केला होता.

त्यांनी निळी वायर काढली, नवी लावली. मशीन सुरू केली. काही फरक नाही. मी डोक्याला हात लावला. ते म्हणाले, आता तो सुरुवातीचा शब्द काढू. म्हणजे तेव्हाही एका वक्ती एकच! शब्द काढला, मशीन बंद, मशीन सुरू. स्क्रीन काळी झाली, मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा सगळं बारीक, स्वच्छ, कडेपासून कडेपर्यंत. एवढंच होतं. तो जोड स्क्रीनचं नाव-गाव मशीनपर्यंत पोचूच देत नव्हता, म्हणून मशीन बिचारी अंदाजाने चालली होती. एका वायरीचं काम. मला हसू की भिंतीवर डोकं आपटू, कळेना.

"चक्र काढ," काकाजी म्हणाले.

मी फाइल उघडली. विहारात भिंतीला टेकवलं होतं तेच, तसंच उभं. मी रुंदी तीन फूट केली, ते गोल झालं. आज गेटवर आहे ते हेच. पण काकाजी चक्राकडे बघत नव्हते. ते वर कोपऱ्यात, आकड्यांच्या चौकटीकडे बघत होते.

"हे आकडे तवाबी इथंच दिसत होते?"

"हौ."

"तू पाह्यले होते?"

नाही म्हटलं असतं तर त्यांनी ते खरं मानलं असतं. तो माणूस तसाच होता. पण दुपारची ती मान हलवलेली मला अजून मानेत जाणवत होती.

"हौ काकाजी. पाह्यले होते. आवळतानीच पाह्यले."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी आयकता का कोनाचं?"

आवाज चढला माझा. घरमालक, वयाने एवढे मोठे, आणि मी ओरडले त्यांच्यावर. मला वाटलं आता पेन्सिल निघणार. नाही निघाली. ते खुर्चीत बसले.

"नाही आयकत," म्हणाले. मग स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "तुह्या काकूच्या पोटात सहा महिने दुखत होतं. मले माहीत नाही. डाक्टरनं सांगतलं तवा मालूम पडलं. म्या तिले इचारलं, मले काहून नाही सांगतलं? तं म्हने, तुमाले सांगतलं असतं तं तुमी म्हटलं असतं, आदी तिखट बंद करून पाहू, मंग च्या बंद करून पाहू. एकएक."

काकू मला दिसली, गोणीचं तोंड धरून दारात उभी, गप्प. माझा राग गेला म्हणू का? गेला नाही. पण आता तो कुणावर आहे तेच मला कळेना.

"आनखी काय काय नाही सांगतलं तू मले?" काकाजी म्हणाले. "सांग."

मग मी सांगायला बसले. शटरचा खालचा पत्रा फाटलाय आणि रोज माझा हात कापतो. तुम्ही वर मोटर चालू केली की माझी मशीन बंद पडते. कॉलेजच्या पोरी फोटो काढायला येत नाहीत, कारण तुम्ही समोर बसलेले असता. आई म्हणते, म्हाताऱ्याला सांभाळून घे, आणि मी घेते, पण दर महिन्याला वाटतं की बस झालं. शेवटी हेही सांगितलं की बैहर रोडला मी दुसरी खोली बघून ठेवली आहे. ते ऐकत राहिले, पेन्सिल खिशातच.